ठिकाण नंतर ठरवा, आधी गाडीचा थांबा बघा

घरात व्हीलचेअरवरचं माणूस असलं की सहलीची चर्चा 'गोवा की म्हैसूर' इथून सुरू होते आणि बहुतेक वेळा तिथंच फसते. आधी दोनच गोष्टी बघायच्या: गाडी आपल्या स्टेशनवर किती मिनिटं थांबते, आणि रुंद दाराचा डबा कुठल्या टोकाला येतो. ठिकाण त्यानंतर.

कारण साधं आहे. उंच फलाट रुळापासून ७६ ते ८४ सेंटीमीटरवर असतो आणि एलएचबी, म्हणजे नव्या बनावटीच्या डब्याची फरशी साधारण १३० वर. म्हणजे चांगल्या फलाटावरसुद्धा ४५-५० सेंटीमीटर चढायचंच आहे. फलाट मध्यम उंचीचा असला तर तो ४५ सेंटीमीटरवर, मग चढण जवळजवळ दुप्पट. उंच फलाटावरही एकास बारा उताराचा, म्हणजे बारा फुटांत एक फूट चढणारा, रॅम्प लावायचा तर तो साडेपाच-सहा मीटर लांब हवा. दोन मीटरच्या घडीच्या रॅम्पवर उतार एकास चार होतो, तिथं एकट्यानं खुर्ची ढकलायला जाऊ नका. मागे एक, पुढे एक, अशी दोन धडधाकट माणसं लागतातच. उचलताना लोखंडी फ्रेमला धरायचं. पाय ठेवायच्या पट्ट्या आणि हाताचे दांडे बऱ्याच खुर्च्यांना निघणारे असतात. घाईत तेच धरले जातात, ते हातात येतात आणि माणूस खाली. हमालाला हे आधी दाखवून द्या, नुसतं सांगून भागत नाही.

हे सगळं दोन मिनिटांच्या थांब्यात होत नाही. म्हणून आपल्या बेळगाव भागातल्या खानापूरकरांनी पंचवीस-सव्वीस किलोमीटर गाडीनं बेळगावला येऊन बसावं, तेही शक्यतो बेळगावातूनच सुटणाऱ्या गाडीत. बेळगाव-बेंगळूर सुपरफास्ट आणि म्हैसूरची विश्वमानव एक्सप्रेस इथूनच सुटतात, त्यामुळे गाडी फलाटावर लागल्यावर निवांत चढता येतं. राणी चन्नम्मा एक्सप्रेस सांगली-मिरजेकडून येते, तिला तेवढा वेळ नसतो. निपाणीला तर रेल्वेच नाही. तिथल्या लोकांना मुंबईकडे जायचं असेल तर बेळगावपेक्षा कोल्हापूर सोपं: चाळीसेक किलोमीटर, आणि महालक्ष्मी एक्सप्रेस तिथूनच सुटते.

आता डबा. रेल्वेचा कारभार इथं अगदी उलटा आहे आणि मला याचाच जास्त राग आहे. गाडीच्या टोकाला, गार्डच्या डब्यातच, दिव्यांगांचा कप्पा असतो. दार ९२ सेंटीमीटर, संडास मोठा, आत धरायला दांडे, खुर्ची ठेवायला जागा. सगळं ठीक, पण हा कप्पा अनारक्षित. आरक्षित दिव्यांग कोटा मात्र स्लीपरमध्ये आणि थ्री एसीत: चार बर्थ, त्यांतले दोन लोअर. तिथली दारं आणि बोळ अरुंद. आपल्याकडची साधी घडीची खुर्ची बाहेरून बाहेर २५-२६ इंच भरते, ती त्या बोळातून जात नाही. म्हणजे जिथं बर्थ पक्का तिथं खुर्ची शिरत नाही, आणि खुर्ची शिरते तिथं रात्र कशी जाईल याची खात्री नाही. त्या कप्प्यात धडधाकट लोक घुसून बसतात ते वेगळंच. वाद घालत बसू नका, गाडी सुटायच्या आधीच रेल्वेच्या १३९ या मदत क्रमांकाला फोन करून डब्याचं टोक आणि स्टेशन सांगा.

यातून एक वाट आहे, ती फार कुणाला माहीत नाही. थ्री एसी इकॉनॉमीचा डबा २०२१ पासून धावतो. तिकिटावर थ्री-ई, डब्यावर एम-१, एम-२. त्याच्या रचनेतच व्हीलचेअर आत नेता येईल असं दार आणि दिव्यांगांसाठीचा संडास धरलेला आहे. दिव्यांग कोटा इथंही आहे. रात्रीच्या प्रवासाला दोन गाड्यांत निवड असली आणि एकीला एम डबा असला तर तीच घ्या, पोचायला तासभर उशीर होत असला तरी.

दिवसाच्या प्रवासाला वंदे भारत. खुर्चीची जागा आणि मोठा संडास टोकाच्या डब्यांत असतो, मधल्या नाही. तिकीट मधल्या डब्यात पडलं तर फायदा निम्मा गेला. बेंगळूरची गाडी ऑगस्ट २०२५ पासून बेळगावपर्यंत येते आणि इथंच संपते, म्हणून ती सोयीची. हुबळी-पुणे गाडी बेळगावात मधल्या थांब्यावर येते, दारं आपोआप मिटतात. तिला फलाटावर आधीच योग्य जागी उभं राहावं लागतं. वंदे भारतला पूर्ण भाडं धरूनच हिशोब करा.

साध्या मेल-एक्सप्रेस गाड्यांत सवलत चांगली आहे: स्लीपर, थ्री एसी, चेअर कारला ७५ टक्के, टू एसी आणि फर्स्ट एसीला ५० टक्के, आणि सोबतच्या एकालाही तेवढीच. पण ती मूळ भाड्यावर. आरक्षण आणि सुपरफास्टचा आकार पुरा भरावा लागतो. तत्काळमध्ये सवलत नाही. म्हणून ६० दिवस आधी, पहिल्याच सकाळी बुकिंग.

सवलतीसाठी रेल्वेचं दिव्यांग कार्ड काढून ठेवा, म्हणजे घरबसल्या तिकीट निघतं. अर्ज ऑनलाइन होतो, तो आपल्या स्टेशनच्या रेल्वे विभागाकडे करायचा. बेळगाव, घटप्रभा, रायबाग हे हुबळी विभागात. मिरज-कोल्हापूर मध्य रेल्वेच्या पुणे विभागात. अडतो तो डॉक्टरांचा दाखला. तो रेल्वेच्या नमुन्यातच हवा, आणि 'सोबत्याशिवाय प्रवास करू शकत नाही' हे त्यात स्पष्ट हवं. अस्थिव्यंगाची सवलत त्या एका वाक्यावर उभी आहे. टक्केवारी ८० लिहिली आणि हे वाक्य राहिलं तर अर्ज परत. डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आणि शिक्का वाचता येतो का, तेही दवाखान्यातच तपासा. त्यासाठी परत रांग लावणं कुणाला परवडतंय?

पहिल्यांदाच निघत असाल तर एकदम म्हैसूर नको. हुबळी करा, सकाळी जाऊन संध्याकाळी परत. स्टेशनजवळच रेल्वे म्युझियम आहे. फक्त हुबळीचा फलाट १,५०७ मीटर, जगातला सर्वांत लांब. अभिमान वाटायला हरकत नाही, पण टोकाच्या डब्यातून उतरून खुर्ची ढकलत येताना तो अभिमान जरा जड जातो. ढकलणारं माणूस दमेल हे धरून चला. म्हैसूरला दोन रात्री ठेवा. प्राणिसंग्रहालयात बॅटरीची गाडी मिळते. पावसाळ्यात लोंढ्याहून कॅसलरॉक-कुळे घाट मात्र खिडकीतूनच बघायचा. दूधसागरला उतरायला रेल्वेची बंदी आहे, आणि कुळ्याहून जीपने जायचा रस्ता पाठीचा कणा दुखावलेल्यासाठी नाहीच. घाटाचा उतार एकास सदतीस, ब्रेकचे हिसके बसतात. खुर्चीत बसून जात असाल तर चाकांच्या ब्रेकवर विसंबू नका. पाठ भिंतीला लावून, सामान बांधायच्या पट्ट्यानं फ्रेम दांड्याला बांधा. आणि दर अर्ध्या तासानं बसल्या जागी अंग उचलायला लावा, नाहीतर सहलीहून बसून-बसून झालेली जखम घेऊन याल.

लॉजवाला फोनवर 'चालतंय की, काय अडचण नाही' म्हणतोच. त्याच्याकडून आकडे घ्या: बाथरूमच्या दाराची रुंदी किती इंच, उंबरा किती, पलंग जमिनीपासून किती. आपल्याकडे बाथरूमची दारं सर्रास २४ ते २७ इंचांची. खुर्ची २५ ची असली तर हातानं चाकं फिरवणाऱ्याची बोटं सोलतात. पलंग १८ ते २० इंच, म्हणजे खुर्चीच्या बैठकीइतका, असला तर सरकून जाता येतं. टेप लावलेला फोटो मागवा. जो पाठवत नाही, त्याच्याकडे जाऊ नका.

परतीचं तिकीट काढताना हाच हिशोब उलटा घाला. बेळगावात गाडी संपत असेल तर उतरायला घाई नाही. ती पुढं मिरजेला जाणारी असेल तर आधीच्या स्टेशनला सामान दाराशी, खुर्ची उघडलेली, आणि घरचं एक माणूस फलाटावर डब्याच्या टोकाला उभं.