‘प्लायका पोलोनिका’ या नावाआड जट लपवू नका

व्हॉट्सअॅपवर एक मजकूर फिरतोय. म्हणे, जट ही देवीची खूण. वैद्यकशास्त्रातही तिला ‘प्लायका पोलोनिका’ म्हणतात, म्हणजे ती आपोआप येते हे डॉक्टरांनाही मान्य आहे. आणि कापली तर रक्त येतं, डोळे जातात. शेजारच्या दोघींनी मला तो काळजीने दाखवला, म्हणून लिहायला बसले.

आधी नाव. लॅटिनमध्ये प्लायका म्हणजे घडी, पोलोनिका म्हणजे पोलंडची. जर्मन लोक हिलाच पोलंडमधल्या विस्तुला नदीकाठची वेणी म्हणायचे. केस कसे दिसतात आणि कुठल्या मुलखात दिसले एवढंच ही नावं सांगतात, कारण सांगत नाहीत. युरोपातले डॉक्टर पूर्वी याला स्वतंत्र रोग समजत, हे खरं. पण एकोणिसाव्या शतकात पोलंडमधल्याच क्राकूव शहरातले डॉक्टर युझेफ डिटल यांनी ठामपणे मांडलं की हा रोग नव्हे. केस न धुणं, न विंचरणं आणि त्यामागची समजूत हेच मूळ. हेच डिटल १८६६ साली शहराचे महापौर झाले. शब्द पुस्तकांत आजही आहे, पण गुंत्याचं नाव म्हणून.

“काल केस मोकळे होते, आज जट आली,” असं सांगणाऱ्या बाया खोटं बोलत नाहीत. केसाच्या बाहेरच्या थराला कौलांसारखे खवले असतात. लांब केस डोक्यावर गोळा करून खसाखसा चोळले की ते एकमेकांत अडकतात, आणि असा गुंता एका न्हाण्यातही बसू शकतो. पुढे भीतीपोटी कंगवा लागत नाही. रोज गळणारे पन्नास-शंभर केस बाहेर न पडता त्यातच अडकतात आणि जट जाड होत जाते.

रक्ताचं म्हणाल तर केसात रक्तवाहिनी नसते, नसही नसते. रक्त आलंच तर कात्री कातडीला लागल्यामुळे. डोळे जातील ही भीतीही आपली एकट्यांची नाही. जट अंगातला आजार बाहेर ओढते, अवेळी कापली तर माणूस आंधळा होतो, वेडा होतो, असं पोलंडच्या खेड्यांतही मानत. तिथे यल्लम्मा नव्हती. आपल्याकडे मात्र याच गुंत्यापायी मुली देवीला सोडल्या गेल्या. त्यांचं आयुष्य कुणी भरून द्यायचं?

आमच्या ओळखीच्या एका मावशींची जट कापताना मी शेजारी बसले होते. आख्ख्या जटेत कात्री शिरेना, म्हणून मुळाशी बोट घालून बट-बट कापावी लागली. आतून वाळलेला भंडारा, दोऱ्याचा तुकडा आणि मेलेल्या उवा निघाल्या. रक्ताचा थेंब नाही. मावशी दोन्ही हातांनी मान चाचपत राहिल्या. मग म्हणाल्या, “आज उताणी झोपते गं.”