नातू पुण्याला, काका ग्रुपवर

“मॅडम, तुम्हाला मेसेज लिहिता येत नाही.”

शाळा सुटायच्या वेळी, फाटकासमोर, जिरावण मसाला घातलेले पोहे खात उभ्या असलेल्या व्हॅनवाल्यांदेखत हे मला ऐकवलं गेलं. ऐकवणाऱ्या काकांचं एकही मूल आमच्या शाळेत नाही, हे त्या व्हॅनवाल्यांना कोण सांगणार?

नातू होता. मुलाची बदली झाली आणि बिऱ्हाड पुण्याला गेलं. प्रवेशाच्या फॉर्मवर नंबर आजोबांचा, म्हणून शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आजोबा. त्यांनी इथलं, इंदूरच्या लोकमान्य नगरचं घरही सोडलं नाही आणि शाळेचा ग्रुपही. “काढू का नंबर?” विचारलं तर म्हणाले, “मग सकाळी वाचू काय?”

तक्रार रालामंडल अभयारण्याच्या सहलीच्या मेसेजबद्दल होती.

“डबा कोरडा न्यायचा की रश्शाचा, ते कुठेय?”

“आहे की, काका. शेवटून दुसरी ओळ. पोळी-भाजी, रस्सा नको.”

“ती ‘और पढ़ें’च्या खाली दडलीय. मी दाबलं म्हणून दिसली. ज्यांची पोरं जाणार, ते दाबत नाहीत.”

“तुमचं कोणी जातंय का?”

“माझं कोण जाणार? म्हणून तर निवांत वाचतो. बरं, बस साडेचारला परत येणार, पण कोणत्या फाटकाशी?”

“शाळेला एकच फाटक आहे.”

“मग तसं लिहा ना, एकमेव फाटक!”

एका व्हॅनवाल्याने मान डोलावली. ते जास्त लागलं.

लांब मेसेज मोबाइल आपणहून दुमडतो, हे मात्र खरं. म्हणून वार, तारीख, वेळ आणि पालकांनी करायचं काम एवढं पहिल्या दोन-तीन ओळींत यायला हवं, बाकीचं खाली. पण आमच्या मोठ्या मॅडमना ‘आदरणीय अभिभावकगण, सादर नमस्कार’ म्हटल्याशिवाय पुढे सरकवतच नाही, आणि सगळी मोक्याची जागा त्या नमस्कारातच जाते. वार आणि तारीख दोन्ही घालावी लागतात, कारण रात्री पाठवलेलं ‘उद्या सुट्टी’ कोणी सकाळी वाचतं आणि एक दिवस पुढे ढकलतं. पावसाळ्यात तर गेल्या वर्षीचा कलेक्टरांचा सुट्टीचा आदेश पुन्हा फिरायला लागतो. आदेशावरची तारीख बघा म्हटलं, तर ‘फोटो धूसर आहे’ असं उत्तर येतं. रंगपंचमीला राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, असते हे अख्ख्या इंदूरला ठाऊक. तरी ‘शाळा आहे का?’ विचारणारे असतातच.

एसएमएस करा, असा सल्ला फुकट मिळतो. एसएमएस फुकट नसतो. रोमन लिपीत एका मेसेजला 160 अक्षरं मिळतात, देवनागरीत 70, आणि त्यात काना-मात्रा-वेलांटी सगळं वेगळं मोजतात. 70 ओलांडली की मेसेजचे 67-67चे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्याचे वेगळे पैसे. शिवाय शाळेच्या नावाने पाठवायचा तर मजकुराचा नमुना आधी मंजूर करून घ्यावा लागतो. म्हणजे अवकाळी सुट्टीचा मेसेज चांगल्या हवेतच मंजूर करून ठेवायचा, तारखेची जागा रिकामी सोडून.

कागदाची चिठ्ठी हा जुना उपाय. ए-फोरच्या एका पानात चार बसतात. नुसती हातात दिली तर दप्तराच्या तळाशी जाऊन केळ्याला चिकटते, म्हणून डायरीच्या त्या दिवसाच्या पानावर डाव्या कडेला डिंकाने लावायची. दुसऱ्या दिवशी सही बघायची. सही आजीची असते आणि चष्मा आजीचा नसतो.

फोटोंचं वेगळंच. 2023च्या डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालचं प्रत्येक जण मूल, आणि मुलाची माहिती वापरायची तर पालकांची संमती हवी. संमतीचा फॉर्म ज्या घरून परत येत नाही, त्याच घरून ‘आमचा चिंटू एकाही फोटोत नाही’ अशी तक्रार येते.

ग्रुप सगळ्यांना लिहायला मोकळा ठेवला, तर गणवेशाचा निरोप सुप्रभातच्या गुलाबांखाली पुरला जातो. ‘फक्त ॲडमिन’ केला, तर तेच सगळे रात्री अकराला फोन करतात. आणि खरी गंमत निळ्या खुणांची. पुष्कळ पालकांनी त्या बंद केल्यात आणि आपण दिसत नाही असं त्यांना वाटतं. तो पडदा दोघांतल्या गप्पांपुरताच चालतो, ग्रुपवर नाही. मेसेज दाबून धरा, माहिती उघडा, कोणी किती वाजता वाचलं त्याची यादीच येते. त्यामुळे ‘आम्हाला काही कळवतच नाहीत’ म्हणणाऱ्या ताईंनी सकाळी आठ चाळीसला मेसेज वाचलाय, हे मला दिसत असतं. तरी मी हसून “पुन्हा पाठवते हं” म्हणते, कारण स्नेहसंमेलनाच्या खुर्च्या त्यांच्याच मंगल कार्यालयातून फुकट येतात.