प्रागची रात्र, आणि ती होईपर्यंत

प्रागची रात्र बघायला निघालेल्या माणसापुढची पहिली अडचण अशी, की रात्र होतच नाही. डिसेंबरात ती दुपारी चारलाच दारात हजर असते. पण आपण जातो मे-जूनमध्ये, कारण पोरांच्या शाळेला सुट्टी तेव्हाच. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात तिथे सूर्य मावळतो सव्वानऊला, आणि मावळतो तोही आढेवेढे घेत. आपल्याकडे तो क्षितिजात जवळजवळ सरळ उतरतो. पन्नासाव्या अक्षांशावर तो तिरका घसरत जातो, त्यामुळे संधिप्रकाशच पाऊण तास रेंगाळतो. खगोलशास्त्राच्या हिशेबाने पुरता काळोख व्हायला सूर्य क्षितिजाखाली १८ अंश जावा लागतो. त्या दिवसांत प्रागमध्ये तो मध्यरात्रीही तेवढा खाली जात नाही. म्हणजे तुम्ही रात्र बघायला येणार, आणि रात्र कागदोपत्री झालेलीच नसणार.

ग्रुप टूरवाल्यांचा प्रश्न याहून सोपा आहे. त्यांना प्रागची रात्र दिसतच नाही. साडेसहाला 'इंडियन डिनर', त्यात पनीर, पिवळी डाळ आणि एक गुलाबजाम. साडेसातला बस, सव्वाआठला शहराबाहेरचं हॉटेल. गावात दिवे लागतात तेव्हा सगळी मंडळी पायजम्यात बसून उद्याच्या 'वेक-अप कॉल'ची वेळ विचारत असतात. तेव्हा माझा सल्ला असा, की टूर मॅनेजरला दुपारीच गाठून 'आम्ही मागाहून आमचे आमचे येऊ' असं सांगून टाकावं. त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो, पण परवानगी मिळते.

आता वेळेचं गणित. साडेआठच्या सुमारास २२ नंबरची ट्राम पकडून थेट वर किल्ल्याशी उतरायचं. थांब्याचं नावच 'प्राझ्स्की ह्राद', म्हणजे प्रागचा किल्ला. खाली नदीकडून पायऱ्या चढून येणारे लोक असतात. त्यांना वर पोचल्यावर किल्ला दिसत नाही, काजवे दिसतात. किल्ल्यातल्या तिकिटाच्या इमारती तोवर बंद झालेल्या असतात, पण आवारं रात्री दहापर्यंत उघडी असतात, फुकट असतात आणि मुख्य म्हणजे रिकामी असतात. दिवसा ज्या सेंट व्हायटस कॅथेड्रलपुढे छत्री धरलेल्या गाइडांची फौज उभी असते, तिथे आता मान वर करून निवांत बघता येतं. किल्ल्याच्या मोठ्या फाटकाबाहेर ह्राद्चानी चौक आहे. त्याच्या कठड्यावरून सगळ्या गावाची लाल कौलं दिसतात. हा चौक बंद होत नाही. तिथे दहा मिनिटं उभं राहा, बसू नका. एकदा बसलात की गुडघे उठू देत नाहीत, आणि खाली नदीवर तुमची वेळ ठरलेली आहे.

उतार नेरुदोवा गल्लीचा. खाली सगळे ग्रॅनाइटचे चौकोनी दगड, शेकडो वर्षांच्या टाचांनी घासून गुळगुळीत केलेले. पाऊस पडून गेला असेल तर त्यांवर दिव्यांची प्रतिबिंबं फार सुंदर पडतात, आणि ती बघणारेही. बूट रबरी तळव्याचेच हवेत. फोटोसाठी म्हणून नव्या चपला घालणाऱ्यांना फोटो मिळतो, पण तो बसलेल्या अवस्थेतला असतो.

सूर्यास्तानंतर साधारण वीस मिनिटांनी जी वेळ सुरू होते तिला फोटोवाले 'ब्लू अवर' म्हणतात. नावात तास आहे, हातात पडतात जेमतेम पंचवीस मिनिटं. आकाश गडद निळं झालेलं, खाली दिवे लागलेले, आणि दोन्ही एकमेकांना तोलून धरतात. त्याआधी दिवे फिके दिसतात, त्यानंतर आकाश काळं ठिक्कर पडतं आणि किल्ला हवेत टांगल्यासारखा दिसतो. किल्ला नदीच्या पश्चिमेला, म्हणून या वेळी आपण पूर्वेच्या काठावर पाहिजे. चार्ल्स पूल ओलांडून जुन्या गावाच्या बाजूला, उजवीकडे वळून घाटावर नोवोत्नेहो लाव्का नावाची नदीत शिरलेली चिंचोळी जागा आहे. तिच्या टोकावरून पूल आणि वरचा किल्ला एका चौकटीत बसतात. फोन हातात धरून 'नाइट मोड' लावू नका. तो दोन-तीन सेकंद उजेड गोळा करत असतो आणि तेवढ्यात आपला हात थरथरतो. कठड्यावर फोन टेकवा, टायमर लावा, आणि चौकटीतल्या मंडळींना श्वास रोखायला सांगा. किल्ला तर हलत नाही, पण मावशी हलतात. मग फोटोत किल्ला लख्ख आणि मावशींच्या जागी साडीच्या रंगाचं धुकं.

खुद्द पूल तर ओलांडायचाच आहे. ५१६ मीटर लांब, जेमतेम दहा मीटर रुंद, वर ३० पुतळे, आणि जूनमध्ये रात्री दहाला दिवाळीच्या आदल्या दिवशीचा लक्ष्मी रोड. चौथ्या चार्ल्स राजाने पायाभरणी केली ती १३५७ साली, ९ जुलैला, पहाटे ५ वाजून ३१ मिनिटांनी, असं सांगतात. का, तर १-३-५-७-९-७-५-३-१ असा चढता-उतरता आकडा जुळतो. वास्तुशास्त्राच्या नावाने आपल्याला हसणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. पुतळ्यांपैकी सगळ्यात जुना, १६८३ चा, सेंट जॉन नेपोमुकचा. त्याला १३९३ मध्ये या पुलावरून नदीत ढकलून दिलं. पायाशी ब्रॉन्झचे दोन चित्रफलक आहेत आणि सगळं काळं पडलेलं असताना त्यांतले दोन ठिपके सोन्यासारखे चकचकतात, कारण येणारा-जाणारा नशिबासाठी हात घासतो. एका बाजूला पडणारा संत, दुसऱ्या बाजूला एक कुत्रा. त्या बिचाऱ्या कुत्र्याचा या प्रकरणाशी काही संबंध नाही, पण रांग लागलीय म्हटल्यावर आपणही लागायचं हा मनुष्यस्वभाव. संताला जिथून ढकललं म्हणतात ती जागा काही पावलांवर कठड्यात लहानशा पितळी क्रुसाने दाखवलेली आहे. तिथे एवढी रांग नसते. हात लावायचाच तर तिथे लावा, कोपरं लागत नाहीत.

पुलावरचे दिवे गॅसचे आहेत. प्रागमध्ये गॅसबत्त्या १८४७ ला आल्या, १९८५ ला शेवटची विझली, आणि या शतकात जुन्या गावातल्या काही रस्त्यांवर त्या मुद्दाम परत आणल्या. एरवी त्या आपोआप लागतात. नाताळाआधीच्या चार आठवड्यांत मात्र जुन्या वेषातला दिवेवाला लांब काठी घेऊन पुलावर एकेक दिवा लावत जातो. त्या थंडीत दुपारी चारलाच अंधार, म्हणजे साडेसहाच्या पनीरच्या आत सगळं उरकतं. गुडघ्यांना आणि टूर मॅनेजरलाही सोयीचं. फक्त हातमोजे असे घ्या की बोटांनी फोन चालेल, आणि फोन आतल्या खिशात ठेवा, कारण शून्याखाली बॅटरी बघताबघता मान टाकते.

पुलावरून जुन्या गावात शिरणारी कार्लोवा गल्ली म्हणजे खिशाची परीक्षा. भाजलेल्या पिठाचा आणि दालचिनीचा वास येतो तो त्र्देल्निकचा. काठीला गुंडाळून निखाऱ्यावर फिरवलेली पोकळ पोळी, वर साखर, आत आइस्क्रीम. पाटीवर 'जुनी बोहेमियन परंपरा' असं लिहिलेलं असतं. युरोपीय संघात नाव नोंदवलेला त्र्देल्निक आहे तो शेजारच्या स्लोव्हाकियातल्या स्कालित्सा गावचा. प्रागच्या गल्लीबोळांत तो पसरला पर्यटकांच्या जिवावर, अगदी अलीकडे. खा जरूर, परंपरा म्हणून खाऊ नका. मुख्य चौकात निखाऱ्यावर फिरणारं हॅम दिसेल. त्याच्या फलकावरचा भाव १०० ग्रॅमचा असतो, आणि विक्रेत्याची सुरी एकदा सुटली की पाव किलोच्या आत थांबत नाही. कापायच्या आधी वजन बोला. शाकाहाऱ्यांचा तारणहार म्हणजे तळलेलं चीज, 'स्माझेनी सीर', सोबत बटाटे आणि टार्टर सॉस. सॉसमध्ये अंडं असतं हे ज्यांना चालत नाही त्यांनी तो बाजूला मागवावा. मात्र नऊ-साडेनऊनंतर बऱ्याच स्वयंपाकघरांची आवराआवर सुरू होते. पोटात कावळे ओरडायची वाट बघू नका.

पैसे बदलायच्या दुकानावर '०% कमिशन' असं ठळक लिहिलेलं दिसलं की समजावं, कसर भावात काढलेली आहे. कायद्याने सोय आहे: साधारण हजार युरोपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत पावती दाखवून रद्द करता येतो. पण दुकान रात्री बंद झालं तर पावती दाखवणार कुणाला? रस्त्यात 'चांगला भाव देतो' म्हणणारा सद्गृहस्थ भेटला तर हात जोडून पुढे चला. त्याच्याकडच्या नोटा असतात भलत्याच देशाच्या, कधीकधी त्या देशानेही बाद केलेल्या. एटीएम विचारेल, रुपयांत हिशेब करू का? 'नको' म्हणा. यंत्राने दाखवलेल्या प्रेमामागेही भाव असतो.

अकराच्या आत खगोलीय घड्याळापाशी पोचायचं. तिथलं नाव ओर्लोय. सकाळी ९ ते रात्री ११ दर तासाला त्याचा खेळ होतो, आणि शेवटच्याला गर्दी सगळ्यात कमी. सांगाडा दोरी ओढतो आणि वाळूचं घड्याळ उलटं करतो, वर दोन खिडक्यांतून बारा प्रेषित डोकावून जातात, शेवटी कोंबडा आरवतो. एवढंच, मिनिटभराचं काम. पुढ्यात चिकटून उभे राहिलात तर प्रेषितांऐवजी हनुवट्या दिसतात. दहा पावलं मागे या, आणि सगळे वर बघत असताना आपला हात पाकिटावर ठेवा, कारण एक-दोन जण वर बघत नसतात. घड्याळजी हानुशचे डोळे काढले म्हणून सांगतात ती दंतकथा. ताजमहालाच्या कारागिरांचे हात तोडल्याची आहे तशीच. यंत्र १४१० साली केलं ते कादानच्या मिकुलाशने. मला त्यात सगळ्यात आवडतं ते बाहेरचं काळं कडं. त्यावरचे सोनेरी २४ आकडे जुना बोहेमियन वेळ दाखवतात, आणि त्या वेळेत दिवस संपतो सूर्यास्ताला. म्हणून ते कडं ऋतूप्रमाणे मागेपुढे सरकतं. जूनमध्ये रात्रीचे अकरा वाजतात तेव्हा त्यावर पावणेदोनच झालेले असतात. रात्र आत्ता कुठे सुरू झालीय, असं एक सहाशे वर्षांचं यंत्र सांगत असतं आणि आपल्या पायांचा त्यावर अजिबात विश्वास बसत नाही.

आता ज्या विषयावर प्रवासवर्णनं मौन पाळतात तो विषय. सार्वजनिक स्वच्छतागृहांना पुष्कळ ठिकाणी पैसे पडतात, बऱ्याचदा नाणी लागतात, आणि त्यांतली बरीचशी संध्याकाळी कुलूपबंद होतात. जवळ २० चेक क्राउनची नाणी ठेवा. पितळी रंगाचं, तेराकोनी, वर घोड्यावर बसलेला सेंट व्हेन्सेस्लास. रात्री अकराला मात्र नाण्यानेही दार उघडत नाही, तेव्हा शरण जायचं पबला. गिऱ्हाइकाला सोय फुकट. गिऱ्हाईक व्हायला अर्धा लिटर बिअर घ्यावी लागते, आणि त्या अर्ध्या लिटरने पुढच्या पबचं गिऱ्हाईक आपोआप तयार होतं. बिअर न पिणाऱ्यांनी कोफोला मागवावं. हे तिथलं काळं, किंचित औषधी चवीचं पेय. टेबलावर वेटर कागदाची पट्टी ठेवतो आणि प्रत्येक पेल्यामागे एक रेघ मारतो. तेच बिल. त्यावर आपल्या माणसाने 'तुझे किती, माझे किती' असा हिशेब मांडला की वेटर गंभीर होतो. पट्टीला हात लावायचा नाही. अस्सल जुन्या पबमध्ये पेला रिकामा झाला की न मागता दुसरा येतो. थांबवायचं असेल तर पुठ्ठ्याची चकती पेल्यावर ठेवायची. 'नो, नो' म्हणत हात हलवलात तर कधीकधी दोन येतात.

बाहेर पडल्यावर आवाज सांभाळा. रात्री १० ते सकाळी ६ शांततेची वेळ, आणि दगडी गल्ल्यांत कुजबुजही तिसऱ्या मजल्यापर्यंत चढते. त्यात "अहो, छत्री राहिली का तिथेच?" हे वाक्य मराठी माणसाच्या नैसर्गिक पट्टीत उच्चारलं तर दोन खिडक्या उघडतात.

मेट्रो मध्यरात्रीपर्यंत, शुक्रवार-शनिवारी एकच्या सुमारापर्यंत. त्यानंतर नव्वदीच्या आकड्यांच्या रात्रीच्या ट्राम. त्या सगळ्या लाझार्स्का थांब्यावर एकमेकींना भेटतात, म्हणून कुठलीही पकडून तिथे जा आणि आपली शोधा. चुकली तर जवळजवळ अर्धा तास गेला. कागदी तिकीट चढल्यावर यंत्रात घालून ठसा उमटवायचा, तोही एकदाच. 'नीट उमटला नाही वाटतं' म्हणून दुसऱ्यांदा घातलंत तर तिकीट बाद. तपासनीस साध्या कपड्यांत असतात आणि रात्री झोपत नाहीत. दार आपोआप उघडेल या आशेवर उभे राहू नका, बटण दाबा.

आणि हॉटेल लहानसं असेल, तर रात्री तिथे माणूस नसतो. दाराला आकड्यांचं पॅड असतं, आकडा ईमेलमध्ये असतो, ईमेल वायफायशिवाय उघडत नाही, आणि वायफाय दाराच्या आत. तो आकडा सकाळीच कागदावर लिहून घ्या, आणि कागद ज्यांना दर तीन तासांनी गोळ्या घ्यायला उठावं लागतं त्या काकांकडे द्या. पूल एकदम रिकामा असतो तो पहाटे साडेचारला, आणि त्या वेळी कुणाला उठवायचं हेही काकांना बरोबर कळतं.