मला खोटं नीट जमलं नाही गं

दुपारपासून डोकं तापलंय. कामात लक्ष नाही, म्हणून लिहायलाच बसले.

शेजारच्या काकू आल्या होत्या. पुढच्या महिन्यात मुंबईला अमेरिकेच्या व्हिजिटर व्हिसाची मुलाखत आहे, लेकीकडे जायचंय. हातात आठ पानं. "जरा माझं पाठांतर घे गं," म्हणाल्या. बघते तर एजंटने दिलेली पन्नास प्रश्नोत्तरं. इंग्रजी वाक्यं, देवनागरीत लिहिलेली. 'आय अ‍ॅम गोइंग फॉर टुरिझम.' आणि खाली लाल पेनाने: लेकीच्या बाळंतपणाचं चुकूनही काढायचं नाही.

माझ्या पोटात गोळा आला. हीच पानं माझ्या आईच्या हातात होती, २०२४ मध्ये.

आई जिल्हा परिषदेच्या शाळेत ३४ वर्षं शिकवून निवृत्त झाली. पेन्शन आहे, कऱ्हाडजवळ तिच्या नावावर दोन एकर आहे. दादा टेक्सासमध्ये, वहिनीचे दिवस भरत आलेले. सगळं इतकं सरळ होतं! पण दादा म्हणाला, रिस्क नको, एजंट बघू. एजंटने आईच्या फॉर्मवर 'गृहिणी' लिहिलं, कारण म्हणे शिक्षिका लिहिलं की प्रश्न वाढतात. बाळंतपण लपवलं. आणि या बाईला, जिने आयुष्यभर पोरांना खरं बोला म्हणून सांगितलं, तिला स्टॅच्यू ऑफ लिबर्टी आणि नायगारा घोकायला लावलं.

मुंबईच्या अमेरिकन वकिलातीत मुलाखतीच्या खिडकीवर विचारलं, मुलाच्या घरी कोण कोण असतं? आई अडखळली. वहिनीचं नाव काढलं की पोटातल्या बाळाचंही निघेल, म्हणून गप्प झाली. दोन-तीन मिनिटांत पासपोर्ट परत हातात, म्हणजे नकार. आत मोबाइल नेता येत नाही, त्यामुळे मी बाहेर फुटपाथवर वाट बघत उभी. आई आली, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "मला खोटं नीट जमलं नाही गं."

हे वाक्य मी विसरूच शकत नाही. व्हिसा गेल्याचं तिला वाईट वाटत नव्हतं. आपण परीक्षेत कमी पडलो, असं तिला वाटत होतं. कुणाच्या परीक्षेत? त्या एजंटने रचलेल्या खोट्याच्या!

राग कायद्याचाही येतो. अमेरिकेचा १९५२ चा इमिग्रेशन कायदा, कलम २१४(बी). व्हिसा मागायला आलेला प्रत्येक जण तिकडे कायमचा राहायलाच निघालाय असं आधीच धरायचं, आणि तसं नाही हे त्यानेच पटवून द्यायचं. पटलं नाही तर अपील नाही. १८५ डॉलर फी, म्हणजे आपले पंधरा हजारांच्या वर, तीही परत नाही. सत्तरीच्या बाईने परक्या माणसाला दोन मिनिटांत कसं पटवायचं की माझा जीव इथल्या घरात आणि तुळशीत आहे? बरं, कुणाला आत घ्यायचं हे त्यांनीच ठरवायचं, आणि जाऊन परत न आलेले आपल्यातलेही आहेत. मान्य.

पण एजंटला मी माफ करणार नाही. मुलाकडे, नातवंडांकडे भेटीला जाणं याच बी-२ म्हणजे व्हिजिटर व्हिसात बसतं, त्यात लपवायचं काय? तिथे पगारी काम मात्र करायचं नाही. आणि ज्याला तो 'थोडं अ‍ॅडजस्टमेंट' म्हणतो, ते जाणूनबुजून खोटं ठरलं तर माणसावर अमेरिकेत जायची कायमची बंदी येऊ शकते. डीएस-१६० या व्हिसा अर्जाच्या फॉर्ममध्ये स्पष्ट विचारतात, फॉर्म भरायला कुणी मदत केली का? आमच्या फॉर्मवर 'नाही' होतं. भरायला मदत घेता येते, पण शेवटची सही करायचं बटण अर्जदारानेच दाबायचं असतं. आईने तो फॉर्म मुलाखतीआधी कधी पाहिलाच नव्हता. तिच्या नावाने, तिच्या सहीने दुसराच कुणीतरी बोलला.

सगळे एजंट असे नसतात, हे मला कमेंटमध्ये सांगू नका, माहीत आहे. तारीख मिळवायला, फी भरायला काहींची मदत होते. २०२२ च्या शेवटी मुंबईत भेटीच्या तारखेसाठी ९९९ दिवस थांबावं लागेल असं दाखवत होते, तेव्हा लोक घाबरून एजंटकडे धावणारच. तरीही, तारीख शोधून देणं वेगळं आणि आईच्या तोंडात शब्द कोंबणं वेगळं.

आणि आपण मुलं? मीच तिचं पाठांतर घेतलं होतं. स्वयंपाकघरात, ती भाकरी थापत असताना. चुकली की मी चिडायचे. "आई, टुरिझम म्हण, टुरिझम!" आता लिहितानाही हात थांबतोय.

दुसऱ्या वेळी आम्ही दोघींनी रात्री बसून फॉर्म भरला. एकेक प्रश्न मी मराठीत सांगितला, तिने उत्तर दिलं. निवृत्त शिक्षिका. आधी व्हिसा नाकारला होता का? हो. हा प्रश्न आता तिला दर वेळी येणार आणि दर वेळी 'हो'च लिहावं लागणार. मुंबईत मुलाखत मराठीत देता येते, हे पहिल्या वेळी आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. खिडकीवर ती म्हणाली, नातीला बघायला चाललेय, सुनेला थोडा हातभार लावीन, आणि जूनमध्ये सोयाबीनच्या पेरणीला मला घरी यायचंय. त्यांनी विचारलं, किती वर्षं शिकवलं? "चौतीस." पासपोर्ट ठेवून घेतला. दहा वर्षांचा व्हिसा आला.

खरं बोललं की मिळतोच, असं मी म्हणत नाही. नाकारलेलेही पाहिलेत. पण आई बाहेर आली तेव्हा तिची मान ताठ होती, आणि मला वाटतं नसता मिळाला तरी ताठच असती.

फक्त तोवर नात दीड वर्षाची झाली होती. तिला पहिली अंघोळ आईला घालायची होती. बाळंतविड्याची दुपटी तिने शिवून ठेवली होती, ती लहान पडली. विमानात बसताना तरी तिने ती बॅगेत घातलीच.

काकूंची आठ पानं सध्या माझ्याकडे आहेत, परत देणार नाहीये. त्यांचा फॉर्म एजंटने पाठवून दिलाय, पण चूक असेल तर नवा भरता येतो. उद्या पूजा आटपून त्या दहाला येतील. पहिल्या ओळीपासून वाचून दाखवणार आहे, मराठीत.