बाळाचा हात कुणाकडूनही ‘बसवून’ घेऊ नका

‘बाळंतपणात बाळाचा हात लुळा पडला तर ती डॉक्टरचीच चूक. हात निखळलेला असतो, जाणत्या माणसाकडून बसवून घ्या, सव्वा महिना जोर लावून चोळा. सही केलीत ना? मग तक्रार करता येत नाही. मूल मोठं झालं की होईल बरं.’ हा मेसेज माझ्या मावसबहिणीला सासरच्या ग्रुपवर आला. तिचं तीन आठवड्यांचं बाळ उजवा हात उचलत नाही, आणि घरात हाडवैद्याकडे न्यायची तयारी सुरू झाली!

अहो, निखळलेलं काही नसतंच, तर बसवणार काय? डोकं बाहेर येतं, खांदा आईच्या ओटीपोटाच्या हाडामागे अडकतो, मान ताणली जाते आणि मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसा दुखावतात. आधीच ताणलेल्या नसेला वर हिसडे द्यायचे? काही बाळांचं खांद्यापुढचं हाडही मोडलेलं असतं. त्यावर कुणी जोर लावला तर त्या जिवाचं काय होईल? बहुतेक बाळांच्या नसा आपोआप सुधारतात. तोवर सांधे आखडू नयेत म्हणून फिजिओथेरपिस्ट शिकवतील त्या हलक्या हालचाली करायच्या आणि बाळाला हाताला धरून उचलायचं नाही, एवढंच. तीन महिन्यांतही बाळ कोपर वाकवत नसेल, तर नसांच्या सर्जनना दाखवायलाच हवं.

डॉक्टरची चूक? असू शकते. अडकलेलं बाळ घाईने जोरात ओढलं, आईला मधुमेह आणि बाळ मोठं असूनही धोका सांगितला नाही, तर जाब विचारलाच पाहिजे. पण खांदा अडकणं बहुतेक वेळा आधी कळत नाही, आणि सगळं नीट करूनही नस दुखावू शकते.

सहीचं तर साफ खोटं. संमती उपचाराला असते, हलगर्जीपणाला नव्हे. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच सांगितलं आहे. सर्वांना पूर्ण मोफत सेवा देणारं सरकारी रुग्णालय मात्र त्यात येत नाही, हे खरं. केसपेपर आजच लेखी मागा. २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांनुसार ते ७२ तासांत द्यावे लागतात.

आणि ‘मोठं झालं की’ म्हणत थांबू नका. ग्राहक आयोगात तक्रारीला मुदत दोन वर्षांची, आणि नसांच्या शस्त्रक्रियेचा खरा उपयोग पहिल्या वर्षातच.