आमची सोसायटी आणि महागायिका

परवा सोसायटीच्या ग्रुपवर 'वोटिंग बाकी' अशी यादी पडली आणि त्यात माझं नाव होतं, मेंटेनन्स थकवणाऱ्यांच्या यादीच्या बरोब्बर खाली. गुन्हा काय, तर टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेतली मुलगी वारज्याची, म्हणजे आमच्या कोथरूडकरांची जवळजवळ सख्खी, आणि मी म्हणालो होतो की आधी ऐकतो, मग ठरवतो.

तिसऱ्या मजल्यावरचे काका, बँकेतून रिटायर्ड, लगेच वही घेऊन दारात.

"ऐकायचंय काय त्यात? ॲप टाका, ओटीपी सांगा."

"काका, पण तो साताऱ्याचा मुलगा जास्त सुरेल..."

"सुरेल वाटतो! त्याला शेवटी गायला लावतात, मतं सुरू व्हायच्या तोंडावर. आपलीला पहिल्या नंबरवर, लोक तेव्हा कुकर बंद करत असतात. त्याच्या गाण्याआधी व्हिडिओ काय, तर गळकं छप्पर, आजी, मागे बासरी. आपलीला काय दाखवलं? पार्किंगमध्ये ॲक्टिव्हा लावताना! ॲक्टिव्हावालीला कोण मत देतंय?"

हे पटलं हो मला. 2021 मध्ये इंडियन आयडॉलवर पाहुणे म्हणून गेलेल्या गायक अमित कुमारांनी नंतर सांगितलंच होतं की सगळ्यांचं कौतुक करा असं त्यांना आधीच सांगितलेलं. म्हणजे परीक्षकांच्या डोळ्यातलं पाणीसुद्धा कॉलशीटवर असणार. मी तसं म्हणालो तर काका खूश झाले, आवाज खाली आणून म्हणाले, "तुम्हाला म्हणून सांगतो, तिच्या आजोबांना दिसत नाही."

"अरेरे, कधीपासून?"

"मोतीबिंदू आहे. दिवाळीनंतर काढणारेत."

मग इंडियन आयडॉलचा 2007 सालचा प्रशांत तमांग निघाला, त्याच्यासाठी अख्खं दार्जिलिंग एसेमेस करत बसलं होतं आणि तो जिंकला, आणि आपल्याला चार विंग एकत्र येत नाहीत, लिफ्टच्या वेळीही हेच झालं, ए विंगवाले मुळातच तसले... लिफ्टवर वीस मिनिटं गेली. मी उंबऱ्यात उभा, चहा आत गार.

पण चीड वेगळ्याच गोष्टीची येते. या आमच्या कार्यक्रमात कुणाला किती मतं पडली ते सांगतच नाहीत, नुसतं "महाराष्ट्राने कौल दिलाय". ब्रिटनमध्ये 'सोपस्टार सुपरस्टार' या टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत कुणी कुठलं गाणं गायचं हे प्रेक्षक पैसे भरून फोनवर ठरवायचे आणि निर्माते ते बाजूला सारायचे, असं निघालं. असल्या फोनच्या भानगडींपायी 2008 मध्ये ती दाखवणाऱ्या आयटीव्ही चॅनेलला 56 लाख 75 हजार पौंड दंड बसला. इकडे विचारायचं कोणाला? ॲपला माझे कॉन्टॅक्ट्स हवेत, लोकेशन हवंय, माझं मत त्यातल्या त्यात बिनकामाचं.

रविवारी मुलगी बाहेर पडली. सर्दी झालेली, त्यात गाणं दिलेलं वरच्या पट्टीतलं, आणि परत पहिला नंबर. काका मात्र चॅनेलला काही बोलत नाहीयेत. जिन्यात भेटले तर माझ्याकडे न बघता शेजारच्या वहिनींना म्हणाले, "एका मताने गेली हो."