पंखा बंद करून गायलेलं ख्रिसमस

भर उन्हाळ्यात दुपारी तीन वाजता आम्ही तिघं एका खोलीत पंखा बंद करून बसलो होतो. पंख्याची घरघर माइकमध्ये येत होती. घामाने हेडफोन कानांवरून घसरत होते आणि आमचा गायक डोळे मिटून बर्फाबद्दल गात होता. मध्येच त्याला हसू फुटलं. चौथा टेकही वाया. ‘डिसेंबरात करू ना यार,’ म्हणाला. पण डिसेंबरात रेकॉर्ड केलं तर मिक्सिंग वगैरे होऊन लोकांच्या हाती पडणार कधी? संक्रांतीला?

ख्रिसमस अल्बमना नावं ठेवणाऱ्यांचा हा लाडका मुद्दा: उन्हाळ्यात गातात, म्हणजे सगळं खोटं, नुसता धंदा. धंदा असतोच, नाही कशाला म्हणू? कारकीर्द उतरणीला लागली की लाल स्वेटर चढवून कव्हरवर झळकणारे कमी नाहीत. तीच दहा गाणी, वरून घुंगरांची छुमछुम, झाला अल्बम. असले मीही अर्ध्यात बंद करतो. उन्हाळ्याचं मात्र मला काही पटत नाही.

‘व्हाइट ख्रिसमस’ हे बर्फातल्या नाताळचं गाणंच घ्या. अमेरिकन गायक बिंग क्रॉस्बीने ते २९ मे १९४२ ला लॉस एंजेलिसमध्ये रेकॉर्ड केलं. गीतकार-संगीतकार अर्व्हिंग बर्लिनच्या मूळ गाण्याच्या सुरुवातीला एक कडवं आहे, जे बहुतेक गायक गाळतात. त्यात बर्फाचा पत्ताच नाही. २४ डिसेंबर, बेव्हर्ली हिल्स, लख्ख ऊन, हिरवं गवत, संत्र्याची आणि ताडाची झाडं. तिथे बसून कुणाला तरी उत्तरेकडची थंडी आठवतेय. बर्फ जिथे नाही तिथल्या माणसाचं हे गाणं आहे. मग ते मे महिन्यात गायलं तर बिघडलं कुठे?

चाल वाजवून बघा. पहिल्याच ओळीत ग, म, ग, कोमल ग, ग, म, तीव्र म, प. सूर लगतच्या पट्टीवर सरकतो, मागे येतो, परत पुढे. आनंदाचं गाणं असं घुटमळत नाही. बर्लिन ज्यू होता, आणि त्याचं तीन आठवड्यांचं बाळ १९२८ साली नाताळच्याच दिवशी गेलं होतं. गाण्याचा त्याच्याशी संबंध जोडायचा की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं. मला तरी आता तो कोमल गंधार पूर्वीसारखा ऐकू येत नाही. युद्धावरच्या सैनिकांनी हे गाणं डोक्यावर घेतलं ते उगाच नाही. रेकॉर्डी इतक्या निघाल्या की मूळ मास्टर (ज्यावरून प्रती काढतात ती मुद्रिका) झिजला आणि १९४७ मध्ये क्रॉस्बीला ते पुन्हा गावं लागलं. आज आपण ऐकतो ते बहुधा हे दुसरं.

ते गाळलेलं कडवं ऐकायचं असेल तर निर्माता फिल स्पेक्टरच्या १९६३ च्या ख्रिसमस अल्बममध्ये ऐका. (माणूस खुनी निघाला, त्याचं कौतुक नकोच. गाणाऱ्या बायका मात्र अफाट आहेत.) त्यातली गायिका डार्लिन लव्ह ते कडवं गात नाही, बोलते. फोनवर घरची खबर सांगावी तसं. हा अल्बमही उन्हाळ्यातच उभा राहिला. बाजारात आला २२ नोव्हेंबरला, नेमका केनेडींची हत्या झाली त्या दिवशी. तेव्हा कुणाला गाणी ऐकायची होती? सपशेल पडला. आज ख्रिसमस अल्बमचे शौकीन आधी त्याचंच नाव घेतात.

‘तीच तीच गाणी दरवर्षी कशी ऐकवतात तुला?’ असं विचारणाऱ्यांना मी उलट विचारतो, तुम्ही बंदिश एकदाच ऐकता का? चाल पाठ असते, म्हणूनच तर गाणारा उघडा पडतो. बॉब डिलनचा २००९ चा ख्रिसमस अल्बम लावला की मित्र खो-खो हसतात. आवाज म्हणजे पत्र्यावर वाळू घासल्यासारखा. पण गडी कुठेही थट्टा करत नाही, समोर कागद धरून मनापासून गाणाऱ्या म्हाताऱ्यासारखा गातो. मला तो गुळगुळीत आवाजाच्या दहा जणांपेक्षा प्यारा आहे. आणि विन्स ग्वाराल्डी ट्रिओ या जॅझ त्रिकुटाचा १९६५ चा ख्रिसमस अल्बम! ड्रमवर ब्रश नुसता फिरतोय, पियानोला घाई नाही, पोरांचा कोरस सुराला जरा इकडेतिकडे. कुणी तरी तो सूर नीट ‘दुरुस्त’ करत बसलं असतं तर? विचारही नको.

आमचं गाणं अजून हार्ड डिस्कवरच आहे. नववा टेक ठेवलाय. शेवटच्या ओळीआधीच कुणाला तरी राहवलं नाही, त्याने पंख्याचं बटण दाबलं. हेडफोन लावून ऐकलं तर पाती हळूहळू वेग घेताना ऐकू येतात. मिक्सिंगला बसलो तेव्हा गायक म्हणाला, ‘ते काढू नकोस.’ नाही काढलं.